‘पासवर्ड विसरलात?’

3 ऑगस्ट 2012, सॅन फ्रान्सिस्को. ‘वायर्ड’ मासिकासाठी तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार मॅट होनान संध्याकाळी घरी लेकीशी खेळत होते. अचानक त्यांचा आयफोन बंद पडला. परत सुरू झाला तो दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा. सॉफ्टवेअरची काहीतरी कटकट असेल असं वाटून त्यांनी लॅपटॉप उघडला. लॅपटॉप म्हणाला, जीमेलचा पासवर्ड चुकीचा आहे. मग स्क्रीन करडी झाली आणि चार आकडी पिन मागू लागली. होनान यांनी असा पिन कधी ठेवलाच नव्हता.

काय काय घडलं ते नंतर त्यांनी मिनिटामिनिटाने जुळवलं आणि ‘वायर्ड’मध्येच सविस्तर लिहिलं. 4 वाजून 33 मिनिटांनी कोणीतरी ॲपलच्या मदत केंद्राला फोन करून आपण होनान असल्याचं आणि मेल उघडत नसल्याचं सांगितलं. 4:50 ला ॲपलच्या खात्याचा पासवर्ड बदलला. 4:52 ला जीमेलचा पासवर्ड बदलायची लिंक त्याच ॲपलच्या मेलवर येऊन पडली आणि दोन मिनिटांत जीमेलही गेलं. 5:00 ला आयफोन दुरूनच पुसला गेला, 5:01 ला आयपॅड. 5:02 ला ट्विटर हातचं गेलं आणि 5:05 ला मॅकबुक पुसला गेला. 5:12 ला चोरांनी त्यांच्याच ट्विटर खात्यावरून आपला पराक्रम जाहीर केला. मॅकबुकमध्ये मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. डिस्कवरची माहिती परत मिळवून देणाऱ्या एका कंपनीने पुढे त्यातले बरेचसे वाचवले, ते नशीब.

या सगळ्या प्रकारात चोरांनी पासवर्ड एकही फोडला नव्हता.

त्यांना हवं होतं ते होनान यांचं ट्विटरवरचं इंग्रजी तीन अक्षरांचं आखूड नाव. बाकीचं सगळं वाटेत आलं म्हणून गेलं. ट्विटरवरून त्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता मिळाला आणि तिथे जीमेलचा. जीमेलच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर गूगलने पर्यायी मेलची अर्धवट झाकलेली झलक दाखवली. ती ॲपलच्या मेलची आहे हे ओळखायला तेवढी पुरेशी होती. फोनवरून ॲपलची खात्री पटवायला तेव्हा दोनच गोष्टी लागत: बिलाचा पत्ता आणि क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. पत्ता संकेतस्थळाच्या नोंदणीत उघडच होता. आकड्यांसाठी त्यांनी ॲमेझॉनला दोनदा फोन केला. पहिल्या फोनवर नाव, मेल आणि पत्ता सांगून होनान यांच्या खात्यात एक नवं कार्ड जोडून घेतलं. दुसऱ्या फोनवर म्हणाले, खातं उघडत नाही, ओळख म्हणून हा कार्ड नंबर घ्या. नंबर अर्थातच थोड्या वेळापूर्वी त्यांनीच जोडलेला. ॲमेझॉनने खात्याला नवा मेल लावून दिला, त्या मेलवर पासवर्ड बदलायची लिंक आली आणि आत गेल्यावर खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसले. ॲमेझॉनच्या लेखी ते आकडे इतके किरकोळ होते की स्क्रीनवर उघडे ठेवायला हरकत नव्हती. ॲपल मात्र त्यांच्याच भरवशावर माणूस ओळखत होतं. प्रकरण गाजल्यावर दोन्ही कंपन्यांनी फोनवरची ही पद्धत बदलली.

प्रत्येक ऑनलाइन खात्याला पुढच्या दारासोबत एक परसदारही असतं. पुढच्या दाराला पासवर्ड लागतो. परसदार ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीतून उघडतं आणि ते विसरभोळ्या मालकासाठी मुद्दाम थोडं सैल ठेवलेलं असतं. ते फार घट्ट केलं तर लाखो खरे मालक बाहेर राहतील आणि सैल ठेवलं तर चोराला फावेल. सगळ्या कंपन्या याच कात्रीत सापडलेल्या आहेत. पुढच्या दाराला कितीही भारी कुलूप लावलं तरी चोर परसदारीच घुटमळतो. आणि खातं गेल्यावर मालकालाही त्याच परसदारातून आत यावं लागतं, तेही चोराने तिथली कडी बदलून टाकल्यानंतर.

सुरुवातीच्या काळात या परसदाराची राखण ‘सुरक्षा प्रश्न’ करत. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पॅलिन यांचं याहू मेल टेनेसीतल्या 20 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने उघडलं, ते जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली या प्रश्नाच्या उत्तरावर. उमेदवाराचं सगळं चरित्र वर्तमानपत्रांत छापून आलेलं होतं, त्यामुळे उत्तरं शोधायला फार वेळ लागला नाही. आपल्याकडे आईचं माहेरचं आडनाव विचारतात. ज्या समाजात ते लग्नपत्रिकेत छापलं जातं आणि शाळेतल्या मैत्रिणींना सापडावं म्हणून बायका ते फेसबुकवर कंसात लिहितात, तिथे त्याला गुपित म्हणणं धाडसाचंच. असा प्रश्न कुठे अजून विचारला गेलाच, तर खरं उत्तर देण्याचं बंधन नाही. आईचं माहेर ‘जांभळा-छत्री-47’ असलं तरी संगणकाची तक्रार नसते. फक्त ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं.

प्रश्न मागे पडले आणि राखणदारी मोबाइल नंबरकडे आली. ओटीपी ज्याच्या हाती तो मालक, असा सरळ हिशेब. मग चोरांनी नंबरच पळवायला सुरुवात केली. 30 ऑगस्ट 2019 ला खुद्द ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून वंशद्वेषी मजकूर जाऊ लागला, कारण त्यांचा नंबर दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता आणि त्या काळी एसएमएस पाठवूनही ट्वीट करता येत असे.

याहून बोलकं प्रकरण अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं, म्हणजे आपल्या सेबीच्या तिथल्या भावंडाचं. 9 जानेवारी 2024 ला ‘एसईसी’च्या एक्स (म्हणजे पूर्वीच्या ट्विटर) खात्यावर बिटकॉइनच्या फंडांना मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा झळकली. बिटकॉइनचा भाव 1,000 डॉलरहून जास्त उसळला आणि खुलासा आल्यावर 2,000 डॉलरहून जास्त कोसळला. एवढी उलथापालथ झाली ती एका सिमकार्डापायी. अलाबामातल्या एका तरुणाने बनावट ओळखपत्र छापलं, ते घेऊन हंट्सव्हिलच्या मोबाइल दुकानात गेला, आपण एफबीआयचे कर्मचारी आहोत आणि फोन मोडला आहे अशी थाप मारली आणि दुसऱ्याच्या नंबरचं सिम घेऊन बाहेर पडला. जवळच एक नवा आयफोन विकत घेतला, त्यात सिम घातलं, आलेला कोड साथीदारांना कळवला आणि फोन परत करून पैसेही वसूल केले. त्याला 14 महिन्यांची कैद झाली. चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या खात्याची दुहेरी पडताळणी लॉगिनला त्रास होतो म्हणून एसईसीच्याच कर्मचाऱ्यांनी सहा महिन्यांपूर्वी बंद करून घेतली होती आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलं होतं. इतर कंपन्यांना सायबर सुरक्षेचे धडे देणाऱ्या संस्थेकडून हे घडावं!

भारतात नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार विभागाने यावर एक साधा उतारा काढला: सिम बदललं की पुढचे 24 तास त्या नंबरवर एसएमएस येणार-जाणार नाहीत. खऱ्या मालकाचा फोन अचानक ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला तर त्याच्याकडे हा एक दिवस असतो. 1 जुलै 2024 पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नियम आणखी कडक केला. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येत नाही. कधी नव्हे तो फोनचा टॉवर तासभर गायब झाला आणि शेजाऱ्याचा मात्र व्यवस्थित चालू असेल, तर वाट बघत बसू नये. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारावं, ‘माझ्या नंबरचं सिम कोणी बदललंय का?’

तरीही आपल्याकडची बरीच खाती याहून सोप्या रीतीने जातात: मालक स्वतःच परसदार उघडून देतो. डिसेंबर 2020 मध्ये अभिनेत्री उर्मिला मातोंडकर यांचं इन्स्टाग्राम गेलं, ते असंच. एक डीएम आला, खातं पडताळण्यासाठी काही पायऱ्या करा म्हणाला, त्या केल्या आणि खातं गेलं. त्यांनी लपवाछपवी न करता हे ट्विटरवर सांगितलं आणि मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली. खातं लवकरच परत मिळालं. ‘कॉपीराइटचा भंग झाला आहे’, ‘निळी टिक मिळणार आहे’, ‘24 तासांत खातं बंद होईल’ ही त्याच डीएमची निरनिराळी रूपं. इन्स्टाग्राम असल्या गोष्टींसाठी डीएम करत नाही. कंपनीने खरोखर काही पाठवलं असेल तर ते ॲपच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टाग्रामकडून आलेले ईमेल’ या यादीत दिसतं. तिथे नसेल तर ते खोटं.

व्हॉट्सॲपची तऱ्हा आणखी घरगुती आहे. मेसेज ओळखीच्याच माणसाकडून येतो: ‘अगं, चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर गेलाय, पाठव ना पटकन.’ भाची विचारतेय म्हटल्यावर मावशी सहा आकडे पाठवून मोकळी होते. भाचीचं खातं आदल्या दिवशीच गेलेलं असतं, आता मावशीचं जातं आणि संध्याकाळपर्यंत भिशीच्या ग्रुपवर ‘अर्जंट 15 हजार हवेत, उद्या देते’ सुरू होतं. दुसरा प्रकार कुरिअरचा. ‘पार्सल आलंय, पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयला फोन लावायला हा नंबर डायल करा.’ तो नंबर स्टार-401-स्टार किंवा स्टार-21-स्टार असा सुरू होतो आणि पुढे दहा आकडे असतात. डायल केलं की मावशींना येणारे सगळे कॉल त्या दहा आकड्यांकडे वळतात. मग चोर व्हॉट्सॲपला सांगतो की कोड एसएमएसने नको, फोन करून सांगा. एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार विभागाने अशा कोडवरून कॉल वळवण्याची सोय पुढील आदेशापर्यंत थांबवायला लावली, ती याच कारणाने. शंका आली तर ##002# डायल करावं म्हणजे वळवलेले कॉल रद्द होतात.

11 ऑगस्ट 2024 ला खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं जाहीर केलं आणि कोणीही कॉल किंवा मेसेज करू नये असं सांगून पुणे ग्रामीण पोलिसांकडे तक्रार दिली. त्यातली सांगण्याची घाई महत्त्वाची आहे. खातं गेल्यावर पहिल्या तासात होणारं खरं नुकसान ओळखीपाळखीच्या लोकांचं असतं, कारण चोर नाव मालकाचं वापरतो आणि खिसा मित्रांचा कापतो. त्यामुळे खातं परत मिळवायच्या खटपटीला लागण्याआधी, किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला ते काम देऊन, सोसायटीचा, शाळेचा, नातेवाइकांचा असे सगळे ग्रुप सावध करावेत. ‘लोक काय म्हणतील’ या संकोचात घालवलेले दोन तास कोणाला तरी महागात पडतात.

मग खातं. सुरुवात इन्स्टाग्राम किंवा फेसबुकपासून न करता ईमेलपासून करायची. मेल चोराच्या हातात असेल तर बाकी सगळं परत मिळवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. होनान यांच्या बाबतीतही साखळीतली मोक्याची कडी मेलच होती. जीमेल परत मागताना गूगल पाहतं की मागणी नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या गावातून, ओळखीच्या वायफायवरून येते आहे का. म्हणून घाबरून सायबर कॅफेत जाऊ नये किंवा पुण्याच्या भाच्याला ‘तू बघ रे’ म्हणून पासवर्ड कळवू नये. ज्या घरात, ज्या फोनवर रोज खातं उघडत होतं, तिथूनच प्रयत्न करावा. चोराने पर्यायी नंबर बदलला असला तरी बदलानंतर सात दिवसांपर्यंत जुना नंबर वापरून खातं मागण्याची सोय गूगलने ठेवली आहे. या सात दिवसांतले तीन घाबरण्यात आणि दोन ओळखीतला कोणी ‘कॉम्प्युटरवाला’ शोधण्यात जातात.

मेल हाती आला की त्यात कंपन्यांची पत्रं शोधावीत. खात्याचा मेल किंवा पासवर्ड बदलला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर सूचना पाठवतं आणि तिच्यात हा बदल उलटवण्याची लिंक असते. बऱ्याचदा ती स्पॅममध्ये किंवा कचऱ्यात सापडते, कारण मेलमध्ये शिरलेला चोर सगळ्यात आधी तेच पुसतो. ती लिंक मिळाली तर पाच मिनिटांचं काम. नाही मिळाली तर इन्स्टाग्रामच्या ‘हॅक्ड’ पानावर जाऊन लांबचा रस्ता धरावा लागतो. खात्यावर मालकाचे फोटो असतील तर कॅमेऱ्यासमोर मान डावी-उजवीकडे वळवत सेल्फी व्हिडिओ द्यायचा आणि कंपनी तो फोटोंशी ताडून पाहते. इथे एक गोम आहे. पैठण्यांचं, दिवाळीच्या फराळाचं किंवा हापूसच्या पेट्यांचं खातं असेल तर त्यावर माल असतो, मालकाचा चेहरा नसतो. अशा वेळी खातं उघडताना कोणता मेल, कोणता नंबर आणि कोणत्या प्रकारचा फोन वापरला होता ते विचारतात. सात वर्षांपूर्वीचं हे कोणाला आठवणार? म्हणून धंद्याचं खातं असणाऱ्यांनी या तीन गोष्टी आजच वहीत उतरवून ठेवाव्यात.

व्हॉट्सॲप त्या मानाने सरळ आहे. आपल्या फोनवर ॲप नव्याने टाकून आपलाच नंबर द्यायचा, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड घालायचा. त्या क्षणी चोर बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात दुहेरी पडताळणीचा स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. एक पळवाट मात्र राहते, ‘लिंक केलेली उपकरणं’. चोराने मालकाच्या व्हॉट्सॲपला आपला लॅपटॉप जोडलेला असेल तर फोन मालकाच्या हातात, ॲप सुरळीत आणि तरीही सगळं बोलणं तिकडे दिसतं. ही यादी उघडून अनोळखी काही दिसलं की काढून टाकावं.

घरफोडीनंतर लोक कुलूप बदलतात. खात्याच्या बाबतीत ‘मिळालं एकदाचं’ म्हणून पोस्ट टाकतात आणि आठवड्याने ते पुन्हा जातं, कारण चोर जाताना मागे काहीतरी ठेवून गेलेला असतो. कुठे पर्यायी मेल म्हणून त्याचा पत्ता, कुठे त्याच्या ॲपमधून चालणारी दुहेरी पडताळणी, कुठे ‘मोफत फॉलोअर’ देणारं एखादं जोडलेलं ॲप. जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर हमखास पाहावेत. ‘इन्स्टाग्राम’ शब्द असलेला प्रत्येक मेल परस्पर दुसरीकडे जावा आणि इथून पुसला जावा, असा एका ओळीचा नियम महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये अनोळखी फेसबुक खातं जोडलेलं असेल तर तोही परतीचा रस्ताच. आणि पासवर्ड बदलताना ‘सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय निवडल्याशिवाय बदलण्यात फारसा अर्थ नाही.

त्याचं कारण यूट्यूबवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये एक छोटी फाइल साठते, कुकी. ती असेपर्यंत पुन्हा पासवर्ड मागितला जात नाही. ही फाइलच चोरली तर पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. मार्च 2023 मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या नावाजलेल्या तंत्रज्ञान चॅनलवर एकाएकी इलॉन मस्क यांच्या नावाने क्रिप्टोचं प्रक्षेपण सुरू झालं. जाहिरातीचा करार म्हणून आलेली एक फाइल तिथल्या कर्मचाऱ्याने उघडली होती. सप्टेंबर 2024 मध्ये आधी सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनलवर क्रिप्टोची जाहिरात झळकली आणि काही दिवसांतच मुंबईचा यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया याच्या चॅनलचं नाव बदलून तिथे मस्क आणि ट्रम्प अवतरले. कुकीचोरांच्या एका जाळ्यामागे गूगल 2019 पासून होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनीने सांगितलं की सुमारे 4,000 खाती आपण मालकांना परत मिळवून दिली आणि मे 2021 पासून 16 लाख फसवे मेल अडवले. प्रायोजकत्वाच्या आमिषाने आलेली फाइल कामाच्या संगणकावर न उघडणं हाच तूर्त त्यावरचा मोठा बचाव आहे.

इतकं करूनही कंपनीकडून यंत्राच्या उत्तरांपलीकडे काहीच आलं नाही तर? गायिका श्रेया घोषाल यांचं एक्स खातं 13 फेब्रुवारी 2025 ला गेलं. बरेच प्रयत्न करूनही ठरावीक साच्याची उत्तरंच येत राहिली. लॉगिन नसल्याने खातं बंदही करता येईना. 1 मार्चला त्यांनी इन्स्टाग्रामवरून चाहत्यांना सावध केलं आणि खातं परत मिळायला एप्रिल उजाडला. एवढ्या नावाजलेल्या गायिकेची ही गत. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलकडे मेटाच्या खातेचोरीच्या 2019 मध्ये 73 तक्रारी होत्या, 2023 मध्ये त्या 783 झाल्या. मार्च 2024 मध्ये 41 ॲटर्नी जनरलनी मिळून मेटाला पत्र लिहिलं, त्याचा आशय असा की तुमच्या ग्राहकसेवेचं काम आमच्या कचेऱ्यांनी किती दिवस करायचं?

भारतीय ग्राहकाच्या हातात इथे एक हत्यार आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. 2021 च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने ठरावीक मुदतीत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. वकील लागत नाही. पोलिसांचा रस्ता वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, नुसतं खातं गेलं असेल तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. आपल्या नावाने पुढे कोणी काही उद्योग केले तर ते खातं त्या दिवशी आपल्या ताब्यात नव्हतं याला ती नोंद पुरावा ठरते. एका टोळीपासून मात्र लांब राहावं. ‘माझं खातं गेलं’ अशी पोस्ट पडली की खाली ‘अमुक सरांनी माझं दहा मिनिटांत मिळवून दिलं’ अशा प्रतिक्रिया उगवतात. ते सर आगाऊ पैसे घेतात आणि पुढच्या फीसाठी पुन्हा मेसेज करतात.

पुढच्या खेपेची तयारी कशी करावी यावर सल्ल्यांचा सुकाळ आहे, त्यामुळे आकडे पाहिलेले बरे. 2019 मध्ये गूगलने न्यूयॉर्क आणि सॅन डिएगोच्या विद्यापीठांतल्या संशोधकांसह केलेल्या पाहणीत नुसत्या एसएमएस कोडने यंत्रवत हल्ले 100 टक्के अडले, सरसकट टाकलेले फसवे गळ 96 टक्के, पण एखाद्याला हेरून केलेले हल्ले 76 टक्केच. फोनवर ‘हे तुम्हीच का?’ विचारणाऱ्या सूचनेने हेच प्रमाण 90 टक्क्यांवर गेलं. यूएसबीसारखी सुरक्षा किल्ली वापरणाऱ्यांच्या बाबतीत तिन्ही रकान्यांत 100 टक्के. तरी लोकांचा उत्साह किती? 2020 च्या उत्तरार्धात ट्विटरच्या सक्रिय खात्यांपैकी 2.3 टक्के खात्यांवरच कुठल्यातरी प्रकारची दुहेरी पडताळणी चालू होती.

किल्ली विकत घ्यायची नसेल तर आता पासकी आली आहे. फोन उघडणारं बोट किंवा चेहरा हीच खूण, आणि ती खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असल्याने खोट्या पानावर चालत नाही. मालकाला फसवून तिचे आकडे काढून घेता येत नाहीत, कारण तिला आकडेच नसतात. ती नसेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप. आणि प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, कारण 2016 मध्ये खुद्द फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांचं ट्विटर उघडलं ते लिंक्डइनच्या 2012 च्या चोरीत सापडलेल्या पासवर्डवर. तो होता ‘दादादा’. दुहेरी पडताळणी चालू करताना गूगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं. लोक त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवतात, मग फोन हरवला की कोडही जातात. ते कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फायलीत ठेवावेत. घरातली ती एक फाइल सहसा हरवत नाही.

राहता राहिला जुना नंबर. भारतात बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देता येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय आला, तेव्हा न्यायालयाने कंपन्यांना असे नंबर ग्राहकांना देण्यापासून रोखलं नाही आणि जुना मजकूर व नोंदी वेळीच काढण्याची जबाबदारी जुन्या ग्राहकाचीच मानली. म्हणजे रिचार्ज न केल्याने बंद पडलेल्या नंबरवर दहा वर्षांपूर्वी उघडलेल्या फेसबुकचा पासवर्ड बदलायचा कोड एखाद्या तिऱ्हाइताच्या खिशात वाजू शकतो. नोकरीसाठी पुण्याहून न्यू जर्सीला किंवा डोंबिवलीहून दुबईला गेलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. बॅंकेत नवा नंबर आठवणीने दिला जातो. जीमेल, इन्स्टाग्राम, एक्स यांच्या सेटिंगमध्ये +91 चा तो जुना नंबर तसाच पडून असतो. विमानात बसण्याआधी, निदान सिम बंद पडण्याआधी, प्रत्येक खात्यात जाऊन तो काढून नवा घालायला साधारण अर्धा तास लागतो. जुनं सिम तोवर फोनमध्येच असावं, कारण नंबर बदलताना शेवटचा ओटीपी बहुधा त्याच जुन्या नंबरवर येतो.